मामाच्या गावाचे रान



मराठी मुलाची उन्हाळ्याची सुटी आणि मामाचा गाव यांची जोडी इतकी जुनी आहे की, ज्याला मामा नाही किंवा ज्याच्या मामाला गाव नाही, त्या मुलालाही ती आपलीच वाटते. वार्षिक परीक्षा आटोपायची, ट्रंका बांधायच्या, आगगाडी, मग एस्टी, मग बैलगाडी, आणि शेवटी आजोळचा ओटा. आमराई, विहीर, वाड्यातली अंधारी खोली हे सगळे या सुटीत येते. पण सुटीचे खरे केंद्र गावाबाहेर असते. तेथे जाऊ नये असे घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाने बजावलेले असते, आणि म्हणूनच घरातले प्रत्येक मूल तेथे एकदा तरी जाऊन येते. ती जागा म्हणजे रान. आजचे व्याख्यान या रानाविषयी आहे. ते नीट दिसावे म्हणून एक आडबाजूचे गाव निवडले आहे. त्याचे नाव डही.

डही हे मध्य प्रदेशातील धार जिल्ह्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातले, कुक्षीपलीकडचे गाव. माळव्याचे काळेभोर पठार विंध्याच्या कडेवरून खाली उतरते आणि निमाडचा उष्ण, खडकाळ, ताडांच्या झाडांचा प्रदेश सुरू होतो, तेथे ते वसले आहे. उत्तरेला बाघ, पश्चिमेला अलिराजपूरचे डोंगर, दक्षिणेला नर्मदा, आणि नर्मदेपलीकडे बडवानीच्या अंगाला सातपुड्याच्या रांगा. वस्ती मुख्यतः भिल्ल आणि भिलाला यांची. पूर्वी या टापूत संस्थानांच्या सरहद्दी एकमेकींत गुंतलेल्या होत्या. कुक्षी धारच्या पवारांची, बाघ ग्वाल्हेरच्या शिंद्यांचे, पलीकडे अलिराजपूर आणि बडवानी ही वेगळी संस्थाने. धार, देवास, इंदूर, ग्वाल्हेर या दरबारांच्या चाकरीत आलेली मराठी घराणी माळव्यात स्थिरावली, ती प्रामुख्याने शहरांत आणि परगण्यांच्या ठाण्यांत. विंध्याखालचे हे रान त्यांच्यापासून फार दूर नव्हते, पण त्यांचे नव्हते. दूर नसलेले आणि आपले नसलेले रान हेच मुलांच्या गोष्टींना सर्वांत सोईचे असते.

या रानाला नर्मदा परिक्रमेच्या भाषेत 'शूलपाणीची झाडी' म्हणतात. बडवानीपासून खाली गुजरातेतील शूलपाणेश्वरापर्यंत नदीच्या दोन्ही तीरांना पसरलेला हा डोंगराळ अरण्यपट्टा परिक्रमावासीयांची सर्वांत मोठी परीक्षा मानला जाई. येथे वाटसरूंना लुटण्याची रीत होती. धान्य, पैसा, भांडी, घोंगडी, अंगावरची वस्त्रे, सगळे काढून घेत आणि कित्येकदा लंगोटीवर सोडून देत. प्रतिकार करायचा नाही, रागवायचे नाही, 'नर्मदे हर' म्हणून पुढे चालू लागायचे, असा परिक्रमेचा संकेत होता. आणि लुटणाऱ्यांना काय म्हणायचे? 'मामा'. नर्मदा ही आई, तिच्या काठचे भिल्ल हे तिचे भाऊ, म्हणून ते आपले मामा, अशी ती समजूत. मामाने भाच्याचे ओझे उतरवले, एवढाच त्या लुटीचा अर्थ घ्यायचा.

मराठी वाचकाला ही झाडी गो. नी. दांडेकर यांच्या 'कुणा एकाची भ्रमणगाथा' या कादंबरीमुळे ठाऊक झाली, आणि पुढच्या पिढीला जगन्नाथ कुंटे यांच्या 'नर्मदे हऽऽ हर' या पुस्तकामुळे. दांडेकरांनी शाळकरी वयातच घर सोडले होते आणि पुढे ते स्वतः परिक्रमेला गेले. अनुभवाची ती जमीन असल्यामुळेच त्यांच्या नर्मदेला पुस्तकी वास येत नाही. तथापि येथे लक्ष वेधायचे आहे ते 'मामा' या शब्दाकडे. ज्या घरातले कोणी परिक्रमा करून आले, त्या घरातल्या मुलांनी ओसरीवर बसून झाडीची हकिकत ऐकली असणार. त्या हकिकतीत मामा हा लाडू देणारा, खांद्यावर बसवून जत्रेला नेणारा मामा नाही. तो झाडाआडून तीरकमठा घेऊन पुढे येतो आणि धोतर मागतो. मुलांना असली उलटापालट फार प्रिय असते. भक्तीच्या परिभाषेने लुटीला नात्याचे नाव दिले हे तर सुंदर आहेच, पण नाते एकाच बाजूने जोडले गेले हेही विसरता येत नाही. भाचा कधी मामाच्या घरात गेला नाही. तो त्याच्या अंगणावरून निघून गेला.

सुटीतील साहसकथेचा साचा जगात सगळीकडे थोडाबहुत असाच आहे. आर्थर रॅन्सम या इंग्रज लेखकाचे 'स्वॅलोज अँड ॲमेझॉन्स' हे पुस्तक १९३० साली निघाले. एका कुटुंबातली मुले सुटीत सरोवराकाठी येतात, होडी घेऊन बेटावर तंबू ठोकतात आणि स्वतःला शोधक प्रवासी समजू लागतात. या खेळात आजूबाजूच्या मोठ्या माणसांना ती मुले 'नेटिव्ह' म्हणतात, यात त्यांची आईदेखील आली. इंग्लंडातल्या शेतकऱ्याला इंग्लंडातलीच मुले 'नेटिव्ह' म्हणतात, हे वाचून हसू येते. पण रान आपले होण्यासाठी तेथल्या माणसाला परका करावा लागतो, ही त्या खेळाची मूळ अट त्यातून उघडी पडते.

मराठीत या प्रकाराचा मानकरी निःसंशय भा. रा. भागवत. ३१ मे १९१० रोजी जन्मलेले भागवत मूळचे इंदूरचे, म्हणजे माळव्याचेच, हे पुष्कळांच्या ध्यानात नसते. ज्यूल व्हर्नच्या कथा त्यांनी मराठी मुलांपर्यंत आणल्या, 'बालमित्र' मासिक चालवले आणि फुरसुंगीचा बनेश फेणे ऊर्फ फास्टर फेणे निर्माण केला. पुण्याच्या विद्याभवनात शिकणारा हा हडकुळा मुलगा सायकलवर टांग मारतो आणि संकट जणू त्याची वाटच पाहत असते. सहल, शिबिर, सुटी असे काही निमित्त घडायचा अवकाश, तो अरण्यात, गडावर, बर्फात, वादळात जाऊन पोहोचतो. फास्टर फेणेवर १९८७ मध्ये दूरदर्शन मालिका झाली, २०१७ मध्ये चित्रपट झाला. पण मूळ पुस्तकांतली गंमत भाषेत आहे, ती पडद्यावर पूर्णपणे उतरत नाही. भागवतांचा मोठेपणा असा की, त्यांच्या नायकाचे शौर्य आडदांड नाही. तो घाबरतो, जीभ टाळूला लावून 'ट्टॉक्' करतो आणि डोके चालवतो. मात्र तोही रानात पाहुणाच असतो. गोष्ट संपते तेव्हा तो पुण्याला परतलेला असतो. साहसकथेला परतीचे तिकीट लागतेच. ज्याला परतायचे नाही, त्याच्या रानातल्या दिवसाला कोणी साहस म्हणत नाही.

या साच्याबाहेरचे एक बालपण मराठीत लिहिले गेले आहे. ते मारुती चितमपल्ली यांचे. १९३२ साली सोलापुरात, तेलुगू मातृभाषेच्या घरात त्यांचा जन्म झाला. आई आणि मामा यांच्यामुळे त्यांना लहानपणीच झाडांची, पाखरांची, रानवाटांची ओळख झाली. 'चकवाचांदण' या आत्मकथनात ते सारे आले आहे. येथे मामा पुन्हा भेटतो, पण हा मामा रान वाचायला शिकवणारा आहे. पुढे चितमपल्ली वनखात्यात गेले, तीन तपांहून अधिक काळ जंगलांत राहिले आणि आदिवासींच्या, पारध्यांच्या, कोळ्यांच्या तोंडचे शेकडो शब्द त्यांनी मराठीला मिळवून दिले. २००६ मध्ये सोलापूरच्याच साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. १८ जून २०२५ रोजी सोलापुरातच त्यांचे निधन झाले. त्यांच्या लेखनातले रान हे थरारासाठी नाही. तेथे माणूस प्रश्न विचारतो आणि उत्तर ज्याला ठाऊक आहे त्याच्या पायाशी बसतो. सुटीत रानात गेलेल्या मुलाला एखादा असा मामा भेटला, तर त्याची सुटी आयुष्यभर संपत नाही.

रानातल्या साहसाचा गाभा म्हणजे हरवणे आणि सापडणे. मराठीत यासाठी 'चकवा' हा फार नेमका शब्द आहे. चकवा लागला म्हणजे माणूस फिरून फिरून त्याच झाडाशी येतो. चकव्याची भीती घालून कित्येक आज्यांनी नातवंडांना दुपारी घरात ठेवले. परंतु डहीच्या बाजूच्या मुलाला चकवा लागावा कसा? भिल्लांचे गाव आपल्या गावांसारखे दाटीवाटीचे नसते. त्याचे फळिये असतात, एकेका टेकडीवर विखुरलेले. प्रत्येक घर आपापल्या शेतात, एक हाक दुसऱ्या घरी पोहोचेल इतक्या अंतरावर. शहरातला मुलगा ज्या उतारावर वाट चुकून रडेल, त्या उतारावर तेथल्या मुलाच्या काकाची बकरी चरत असते. एकाचे अरण्य ते दुसऱ्याचे परसदार.

त्या परसदारातली उन्हाळ्याची सुरुवात मोहाने होते. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहाची फुले टपटप गळतात. झाडाखालचा पाचोळा आधी साफ करून ठेवलेला असतो, आणि उजाडायच्या आत बायकामुले टोपल्या घेऊन पोहोचतात, नाहीतर गुरे आणि रानडुकरे आधी येतात. फुले वेचायची, खळ्यात वाळवायची, काही घरी ठेवायची, काही बाजाराला न्यायची. ताडाच्या झाडाला मडकी लागतात. जेथे टेंभुर्णी आहे तेथे मे महिन्यात पाने तोडून पन्नास-पन्नास पानांच्या जुड्या बांधायचे काम येते. शाळेची सुटी आणि पानांचा हंगाम एकाच वेळी येतात. मोहाच्या झाडाखाली पहाटे जाणे यात अंधार आहे, जनावरांची चाहूल आहे, भावंडांची शर्यत आहे, म्हणजे फास्टर फेणेला लागणारे बहुतेक साहित्य आहे. फक्त त्याला सुटी म्हणायचे की हंगाम, हा प्रश्न आहे.

बाघच्या लेण्यांचा येथे ओझरता उल्लेख पुरे. बाघनी नदीकाठच्या त्या बौद्ध लेण्यांची पहिली छापील दखल डेंजरफील्ड या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याच्या १८१८ च्या भेटीतून आली, आणि १९२१ मध्ये ग्वाल्हेर दरबारच्या पुढाकाराने नंदलाल बोस, असितकुमार हालदार प्रभृतींनी तेथील भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या. ज्या लेण्यांना स्थानिक माणसे पिढ्यान्‌पिढ्या पांडवांची म्हणत आली, ती 'सापडली' असे इतिहासात लिहिले जाते. सापडणे हा शब्द कोणाच्या बाजूने लिहायचा, हे ठरलेले असते.

पण या टापूतला सर्वांत मोठा शोध लेण्यांचा नव्हे. बाघ-कुक्षीच्या परिसरात एकेकाळी समुद्र आत शिरला होता. त्याच्या गाळाचे थर भूशास्त्रात बाघ थर म्हणून प्रसिद्ध आहेत, आणि शंखशिंपले, समुद्रजीव यांचे अवशेष त्यांत विपुल मिळतात. त्याहून नंतरच्या लॅमेटा थरांत डायनोसोरची अंडी आहेत. जानेवारी २०२३ मध्ये दिल्ली विद्यापीठाच्या व अन्य संशोधकांनी नर्मदेच्या खालच्या खोऱ्यातील, मुख्यतः धार जिल्ह्यातील, ९२ घरटी आणि २५६ अंडी यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ही अंडी टायटॅनोसॉर नावाच्या लांब मानेच्या महाकाय शाकाहारी प्राण्यांची. या शोधकार्यातला एक प्रमुख माणूस प्रयोगशाळेतला नाही. विशाल वर्मा हे शाळामास्तर वर्षानुवर्षे या डोंगरांत पायपीट करून जीवाश्म गोळा करीत आणि राखीत आले आहेत. मुलांच्या साहसकथेतल्या एखाद्या मास्तरांनी पुस्तकाबाहेर पडून हे काम हाती घ्यावे, तसे ते आहे.

बाघजवळच्या पाडल्या गावाची हकिकत तर कोणा कादंबरीकाराला सुचली नसती. तेथल्या शेतकऱ्यांना नांगरताना हातभर घेराचे गोल दगड मिळत. त्यांनी ते काकड भैरव म्हणून शेताच्या हद्दीवर पुजले. काकड म्हणजे शेत, भैरव म्हणजे राखणदार देव. पिकाचे, गुरांचे रक्षण करणारा हा दैवी गोळा वस्तुतः टायटॅनोसॉरचे अंडे आहे, असे तज्ज्ञांनी पाहून सांगितले, आणि डिसेंबर २०२३ मध्ये ही बातमी सर्वत्र झळकली. शहरी वृत्तपत्रांनी ती गमतीने छापली. पण साडेसहा कोटी वर्षांहून जुनी वस्तू ज्यांनी न फोडता, न विकता, नारळ वाहून सांभाळली, त्यांच्याकडे हसण्यासारखे काय आहे? तो दगड साधा नाही एवढे त्यांनी ओळखले होते. कोणता आहे, ते नंतर कळले.

आता थोडे ग्रंथालयाविषयी. कोणत्याही जुन्या मराठी ग्रंथालयात या एका रानाची पुस्तके चार कपाटांत विखुरलेली असतात. परिक्रमेची पुस्तके धार्मिक किंवा प्रवासवर्णनात, फास्टर फेणे बालविभागात, चितमपल्ली निसर्गात, आणि धरणग्रस्तांविषयीचे लेखन समाजशास्त्रात, बहुधा सर्वांत वरच्या फळीवर. ज्या सभासदाने 'भ्रमणगाथा' तीनदा नेली, त्याने ते चौथे कपाट उघडलेच असेल असे नाही. कपाटे करावीच लागतात, ग्रंथपालाचा त्यात दोष नाही. परंतु गो. नी. दांडेकरांची झाडी आणि सरदार सरोवराचे बुडीत क्षेत्र हा एकच भूभाग आहे, ही गोष्ट या वर्गीकरणात दडून जाते.

सरदार सरोवराची कोनशिला ५ एप्रिल १९६१ रोजी बसली. धरण बांधत-थांबत वाढत गेले, आणि १७ सप्टेंबर २०१७ रोजी ते राष्ट्राला अर्पण झाले. सप्टेंबर २०१९ मध्ये जलाशय प्रथमच १३८.६८ मीटर या पूर्ण पातळीपर्यंत भरला. गुजरात, महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश मिळून २४५ गावे बुडितात येतात. त्यांत महाराष्ट्राची ३३, सर्व आजच्या नंदुरबार जिल्ह्यातली. जुने शूलपाणेश्वराचे मंदिर बुडाले, हापेश्वर बुडाले. कुक्षी तालुक्यातली निसरपूर, चिखलदा ही नदीकाठची नांदती गावे २०१९ च्या त्या पावसाळ्यात पाण्याखाली गेली. डही गाव नदीपासून आत आहे, ते राहिले. त्याच्या बाजूच्या नदीकाठाची आणि ओढ्यांची जमीन राहिली नाही. सिंचन, वीज आणि पिण्याचे पाणी धरणाने दिले हे खरे, आणि ज्यांची शेते गेली त्यांचा पुनर्वसनाचा हिशेब अनेक ठिकाणी पुरा झाला नाही, हेही खरे. दोन खऱ्या गोष्टी एकमेकींना खोडून काढत नाहीत, म्हणून तर हा वाद चार दशके चालला.

रानाच्या गोष्टीला यामुळे एक विचित्र वळण मिळाले. मामाच्या गावाहून परत येणारा भाचा मराठीने पुष्कळ रंगवला. गावच गेलेला मामा तिच्या गोष्टीत अजून यायचा आहे. आणि मामाची मुले? धार, झाबुआ, अलिराजपूर या पट्ट्यातून दिवाळीनंतर असंख्य कुटुंबे गुजरातेत मजुरीला जातात, कापसाच्या शेतांवर, इमारतींच्या कामांवर. मुले बरोबर असतात, कारण त्यांना ठेवायचे कोणाजवळ? हाही सहकुटुंब प्रवासच. यातही ट्रंक असते, रात्रीची गाडी असते, अनोळखी मुलूख असतो, हरवण्याची भीती तर पुरेपूर असते. मोठ्या शहराच्या कडेला, सळया आणि विटांच्या ढिगाऱ्यांत, पालाखाली झोपणाऱ्या मुलाच्या दृष्टीने अरण्य कोणते हे वेगळे सांगायला नको. होळीपूर्वी भगोऱ्याचा बाजार भरतो तेव्हा ही कुटुंबे परततात, ढोल वाजतात, नवे कपडे येतात, आणि मूल शाळेच्या पटावर पुन्हा दिसते, बहुधा परीक्षेच्या तोंडावर. नर्मदेकाठच्या जीवनशाळांनी १९९० च्या दशकाच्या प्रारंभापासून अशा मुलांना त्यांच्याच बोलीत लिहायला लावले. त्या वह्यांतून एखादा बनेश फेणे निघायचा असेल तर तो फुरसुंगीचा नसेल.

परिक्रमा मात्र थांबलेली नाही, उलट वाढली आहे. झाडी विरळ झाली, रस्ते झाले, आणि लुटीची जुनी रीत जवळजवळ नाहीशी झाली. ज्या टेकड्यांवर परिक्रमावासी कपडे गमावत, तेथे आता अनेक घरांतून त्यांना सदाव्रत मिळते, म्हणजे पीठ, डाळ, मीठ आणि रात्रीपुरता ओटा. फळियातली मुले लांबूनच 'नर्मदे हर' ओरडत धावत येतात आणि गोळ्या-बिस्किटे मागतात. जाणकार परिक्रमावासी त्यासाठी झोळीत पुडा ठेवूनच निघतो. काठाकाठाने जाणारी जुनी वाट बऱ्याच ठिकाणी पाण्याखाली गेली आहे, नवी वाट टेकड्यांवरून वळसे घेत जाते आणि दर पावसाळ्यानंतर पाण्याच्या पातळीप्रमाणे थोडी सरकते. ती कोणत्या नकाशात नसते. फाट्यावर थांबून विचारले की एखादे पोर पुढे होते, बकऱ्या धाकट्या बहिणीच्या हवाली करते आणि पुढची टेकडी येईपर्यंत सोबत चालते.